कपबशीची किल्ली आन् आप्पांचं बहुमत

आमच्या आप्पांचं उपसरपंचपद माझ्या पोटात अडकलं होतं.

आप्पा म्हणजे माझे चुलते. आन् मी म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीची सगळ्यात लहान सदस्य. (लेडीज सीट होती. आईनं हात जोडले, काकीनं पाय आपटले, उरले मी.) निकाल लागला तर आप्पांसकट आमच्या पॅनलचे पाच आन् बापूंच्या पॅनलचे चार. उपसरपंच सदस्यांनी मत देऊन निवडायचा. एक जरी फुटला तरी आप्पांचा फेटा परत कपाटात! मग रिवाजाप्रमाणं आप्पांनी सगळ्यांना गाडीत कोंबलं आन् मतदानापर्यंत सहलीला काढलं. दौंडच्या पुढं एक फार्महाऊस ठरवलेलं. फोन काकीच्या पिशवीत जमा, काकी माझ्या शेजारी.

आता माझ्या पोटाबद्दल. बारावीपासून त्यानं स्वतंत्र पॅनल काढलंय. पेपर असो, मुलाखत असो, नुसतं लांब जायचं असो, पोटात पीळ पडलाच. पळायचं, जाऊन आलं की बरं वाटायचं, जरा वेळानं परत तेच. मधेच कधी उलटं, तीन-तीन दिवस कडकडीत बंद. तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. त्यामुळं घरात निदान पक्कं होतं: "बाहेरचं खातीय." आन् मुलीनं 'पोटात दुखतंय' म्हणलं की काकी पुढचं काही न विचारता गरम पाण्याची पिशवी आणून देते. मग काय सांगणार? मीही पिशवी घेऊन गप पडायचे.

तर सहल निघाली. न्हावऱ्याला मी गाडी थांबवली.

"मळमळतंय," मी म्हणाले.

चौफुल्याला थांबवली.

"पाय मोकळे करायचेत."

आप्पांनी आरशातनं बघितलं. "एवढ्या ठिकाणी तर एसटी बी थांबत न्हाई."

पाटसला पुढं उसाच्या ट्रॉल्यांची ही एवढी रांग, आन् माझा तर आता थांबायचा प्रश्नच नव्हता. उडी मारून शेजारच्या ढाब्यात घुसले. लेडीज टॉयलेटला कुलूप! गल्ल्यावर मालक बसलेला. असलं काही मोठ्यानं मागतं का कुणी? वाकून त्याच्या कानात बोलले. त्यानंही जाणत्या माणसासारखी हळूच किल्ली मुठीत दिली. बाहेर आले तेव्हा एवढं हलकं वाटत होतं की कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आन् गाडीत जाऊन बसले.

थोडं पुढं गेल्यावर काकीनं बडीशेपेसाठी माझी पर्स उघडली. हाताला किल्ली लागली. किल्लीला कीचेन, कीचेनवर कपबशी. बापूंच्या पॅनलचं चिन्ह.

गाडीतल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"ही कुठली?" आप्पांनी विचारलं.

"ढाब्यावरची."

"तो ढाबेवाला बापूचा साडू हाय."

मला काय माहीत? मी बोर्ड वाचायच्या अवस्थेत नव्हते.

"मी बघितलंय," काकी म्हणाली. "कानात कायतरी बोलली, आन् त्यानं मुठीत दिलं."

"स्कुटीची हाय का गं?" मागच्या सीटवरनं विठ्ठलमामांनी मान पुढं काढली. हे आमचे सगळ्यात जुने सदस्य. "मला तर अजून कुणी सायकल बी दाखवली न्हाई."

"संडासाची हाय!"

"संडासाची किल्ली कोण पर्समधी ठेवतं?" काकी म्हणाली.

प्रश्न बरोबर होता.

फार्महाऊसवर मटण शिजलं, पण आप्पा जेवायला आले नाहीत. पायरीवर एकटेच बसले होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "खुर्ची जाऊ दे गं. पर घरचंच माणूस फुटलं म्हणल्यावर गावात तोंड कसं दाखवायचं? तुला आम्ही काय कमी केलं?"

झालं. मला रडूच फुटलं. आन् मी बारावीपासूनचं सगळं एका दमात सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. विठ्ठलमामांचा घास हातातच राहिला. (सॉरी मामा, रस्सा पातळ होता.)

"एवढी वरसं?" आप्पा म्हणाले. "आन् बोलली न्हाईस?"

"बोलले की काकी पिशवी देती."

काकी एकदम पदराशी चाळा करायला लागली.

सकाळी दौंडला डॉक्टर. पण सदस्य मोकळे सोडायचे नाहीत, हा सहलीचा नियम! त्यामुळं दवाखान्यात सगळी गाडीच आली.

"सोबत कोण आहे?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"बहुमत," मी म्हणाले.

"शौचातून रक्त जातं का? वजन उतरलंय? ताप? पोटदुखीनं झोपेतून जाग येते?"

"न्हाई," दारातलं बहुमत एकमतानं म्हणालं.

मॅडमनी त्यांना बाहेर काढलं, मला परत तेच विचारलं, पोट तपासलं, फोनमधले जुने रिपोर्ट बघितले. मग म्हणाल्या, "ह्याला आयबीएस म्हणतात. आतड्याला जखम नाही, पण आतडं हळवं आहे. ताण आला की आवळतं. हे नाटक नाही आणि भित्रेपणाही नाही. तुझ्या वयाची कितीतरी मुलं येतात, पण लाजेपायी फार उशिरा."

कसलं बरं वाटलं म्हणून सांगू! माझ्या पोटाला नाव होतं!

वेळेवर जेवण, चहा कमी, चालणं, झोप, कशानं बिघडतं त्यावर लक्ष, आन् पीळ पडला तर एक गोळी. "पूर्ण जाईलच असं नाही, पण आवरता येतं. रक्त दिसलं किंवा वजन उतरलं तर मात्र लगेच ये."

दारातनं आप्पांचं डोकं आत आलं. "म्हंजी हिला टेन्शन द्यायचं न्हाई?"

"शक्यतो नाही."

आप्पा मागं वळले आन् एवढ्या मोठ्यानं ओरडले, "आजपासनं हिला कुणी टेन्शन द्यायचं न्हाई!" की माझ्या पोटात तिथंच पीळ पडला.

तिथनंच मतदानाला गावाकडं निघालो, वाटेत ढाब्यावर किल्ली परत दिली. "ताई," मालक रडकुंडीला आलेला, "कालपासनं लेडीज गिऱ्हाईक दारातनं माघारी चाललंय."

मतदानाला ऐन वेळी मी उठलेच. बापूंच्या पॅनलचे चेहरे उजळले. आप्पा मात्र निवांत मतदान घ्यायला आलेल्या साहेबांना म्हणाले, "पाच मिनिटं द्या साहेब. आमचं मत आत गेलंय, येतंय." आले, मत दिलं, आप्पा निवडून आले!

आता चहा एकावर आणलाय, दूध मला बाधतं हे कळलंय, आन् गाडीत बसल्यावर काकी स्वतःच विचारते, "जायचंय का?" निम्मं पोट तर त्या प्रश्नानंच शांत होतं.

आन् उपसरपंच झाल्यावर आप्पांनी पहिलं काम काय केलं असेल? गावच्या एसटी स्टँडवर लेडीज टॉयलेट! उद्घाटनाला मांडव, पाहुणे, माइक. आप्पा भाषणात म्हणाले, "हे सगळं जिच्यामुळं झालं, ती आमची लेक आता फीत कापंल." सगळ्यांनी बघितलं तर माझी खुर्ची रिकामी.

कारण पाहुणे कात्री घेऊन उभे होते, आन् मी कधीच फितीखालनं वाकून आत गेले होते. एवढ्या लोकांसमोर बोलायचं म्हणल्यावर दुसरं काय होणार?

बाहेर आप्पा माइकवरनं मला हाका मारायला लागले. काहीतरी बोलणं भाग होतं. मग मी आतूनच ओरडले,

"आप्पा, पाणी मस्त येतंय!"