पाइपामागे कोणी पाहिलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ठाण्याच्या बहिणीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल. म्हणजे इथेही मी सोपा रस्ताच धरला, नाही का?

मी सिडनीत ॲस्बेस्टॉस तपासते. जुन्या इमारतीतून ते काढून झालं की आत जाऊन कोपरान्‌कोपरा बघायचा, हवेचे नमुने घ्यायचे आणि मग ‘जागा वापरायला हरकत नाही’ असा दाखला सही करून द्यायचा. त्याचे तंतू डोळ्याला दिसत नाहीत, पण छातीत जाऊन बसले की कैक वर्षांनी माणसाला गाठतात. म्हणून हा दाखला कुणीही उठून देऊ शकत नाही. राज्याचा परवाना लागतो. आणि परवान्याला नुसती डिग्री पुरत नाही — साइटवरचा अनुभव दाखवावा लागतो, आणि ज्याच्या हाताखाली काम केलं त्याचं पत्र जोडावं लागतं. माणसाची नजर पारखणारा नियम आहे हा, असं मी नव्या लोकांना ऐटीत सांगायचे.

पॅरामॅटातल्या आमच्या लहानशा ऑफिसात परवाना असलेली मी एकटी. माझ्या हाताखाली ॲग्नेस — वसईची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणणारी. साइटवर आम्ही दोघी मराठीत बोलायचो. बाकीच्यांना वाटायचं, बायका जेवणाबद्दल बोलताहेत. बऱ्याचदा असायचंही तेच.

आता त्या शाळेकडे यायलाच हवं. किती वेळा या वाक्यापाशी येऊन थांबले आहे, काय सांगू.

एका जुन्या शाळेची बॉयलरची खोली. पाइपांवरचं ॲस्बेस्टॉसचं वेष्टण काढून झालं होतं, सुट्टी संपत आली होती, सोमवारी मुलं परत येणार होती. आत आम्ही तिघं — मी, ॲग्नेस आणि काढणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर. पांढरे सूट, तोंडावर मास्क, आणि उकाडा असा की सूटच्या आत घामाच्या धारा. मी टॉर्च फिरवला. सगळं स्वच्छ. सुपरवायझरला म्हटलं, “लुक्स गुड, मेट.” बघितलं होतं का मी नीट? नव्हतं. भिंतीकडच्या पाइपामागे वाकावं लागलं असतं, आणि मी वाकले नव्हते.

तेवढ्यात ॲग्नेस अगदी डब्यात काय आणलंय हे विचारावं अशा आवाजात म्हणाली, “ताई, भिंतीकडच्या पाइपामागे बघ ना. राहिलंय तिकडे. सही नको करूस.”

मी वाकले. पाइप धरणाऱ्या ब्रॅकेटवर करड्या-पांढऱ्या भुग्याचा थर होता. चांगला बोटभर.

तिला इंग्रजीत बोलता आलं असतं. इतकी वर्षं परवाना मिरवणारी बाई समोरचं बघत नाही, हे त्या माणसाला कळलं असतं. तिने कळू दिलं नाही. मी वळले आणि म्हटलं, “वन मोर स्पॉट, मेट.” तो चाट पडला. “यू डोन्ट मिस अ थिंग,” म्हणाला. आणि मी — मी मान डोलावली. ॲग्नेस मास्कच्या आड हसली असणार. तिला त्यात काही वाटलं नाही. आपल्या माणसाची लाज आपण राखायची, एवढं सरळ होतं तिचं.

मला मात्र त्यानंतर ती समोर आली की पाइप दिसायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. ती काही बोलायची नाही, आणि तिचं न बोलणंच मला झोंबायचं. पुढे काही महिन्यांनी तिने परवान्यासाठी अर्ज केला आणि हसत हसत म्हणाली, “ताई, पत्र तूच लिही हां. छान लिही.”

लिहिलं. छान लिहिलं. मेहनती आहे, प्रामाणिक आहे. आणि मग — तिच्या नजरेचा अजून पूर्ण भरवसा देता येत नाही, असं लिहिलं. उदाहरण हवं म्हणून बॉयलरच्या खोलीचं उदाहरण दिलं. फक्त माणसं बदलली. पाइपामागे बघायचं तिच्याकडून राहिलं, आणि ते माझ्या लक्षात आलं, असं लिहिलं.

झालं. सांगून टाकलं. भीती वाटत होती, मत्सर होता, एखाद-दुसऱ्या वर्षाने काय बिघडतं असंही स्वतःला समजावलं होतं — पण ते पत्र मी दोनदा वाचून, स्वल्पविराम तपासून पाठवलं होतं.

नियम तसा न्यायी आहे. परवाना नाकारण्याआधी कारणं कळवतात आणि उत्तर द्यायला मुदत देतात. तो कागद घेऊन ॲग्नेस माझ्याकडे आली. चिडून नाही, गोंधळून. आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो.

“ताई, हे उलटं आहे ना? मी तुला सांगितलं होतं... की नाही?”

अजूनही वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. पण तिचं सांगणं मराठीत झालं होतं. तिसऱ्या माणसाला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. तिने माझी लाज राखली, म्हणून तिला साक्षीदार उरला नव्हता. हे माझ्या डोक्यात तिथे, त्या बाकावर आलं — आणि मी त्याचा उपयोग केला.

“अगं, उकाडा किती होता,” मी म्हटलं. “मास्क, दमणूक... होतं असं. मला स्पष्ट आठवतंय.”

तिने हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाली, “मग मीच मनात उलटं धरून बसले असेन. सॉरी हां, ताई.”

तिने उत्तर पाठवलंच नाही. परवाना नाकारला गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, ती या हातांनी. काही महिन्यांत तिने हे काम सोडलं, आणि आता ती क्वेकर्स हिलला एका दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसते.

आमचं येणंजाणं आहे. हो, आहे. मागच्या महिन्यात गिरावीनला एका मैत्रिणीकडे जेवायला होतो. ॲग्नेस घरून निघताना गॅस तीनदा बघते, कुलूप दोनदा ओढते, नवऱ्यालाही बघायला लावते, म्हणून तिची मुलगी तिची थट्टा करत होती. ॲग्नेस भात वाढता वाढता म्हणाली, “काय करू, माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही. ताईला विचार.”

मुलगी खरंच माझ्याकडे वळली. “आंटी, वॉज ममा ऑलवेज लाइक धिस?”

टेबलाभोवती सगळे हसत होते, ॲग्नेससुद्धा. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, “ऑलवेज.”