बागबाजारचे बर्गीदा

अख्ख्या कोलकात्यात सरकारवर काकांइतका, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांइतका, खूश माणूस मी पाहिला नाही. कारण त्यांच्या मते सरकार नसतं तर त्यांना बोलायला विषयच उरला नसता. बागबाजारात त्यांच्या मराठी घराण्याच्या तीन पिढ्या गेल्या. मराठ्यांच्या भीतीने खणलेला खंदक एकेकाळी तिथूनच सुरू व्हायचा, म्हणून शेजारी त्यांना लाडाने 'बर्गीदा', म्हणजे मराठा स्वारदादा म्हणत. घरपट्टी भरताना काका दरवर्षी खिडकीतल्या बाबूला सांगत, "आमच्या लोकांनी इथे चौथाई वसूल केली, ती तुम्ही हप्त्याहप्त्याने परत घेताय. घ्या, पण पावती द्या."

काटकसर अंगात इतकी मुरलेली, की वर्तमानपत्र ते शेजारच्या डॉक्टरांकडून एक दिवस उशिरा, फुकट आणून वाचत. म्हणत, "शिळी बातमी तब्येतीला बरी. निम्मी संकटं तोवर टळलेली असतात, उरलेल्यांचा मंत्र्यांनी इन्कार केलेला असतो." एका निवडणुकीत 'उद्या मतदान' हे त्यांनी मतदानाच्याच दिवशी वाचलं. आत्याने शाईचं बोट त्यांच्या नाकासमोर नाचवलं, तरी छापलेल्यावर विश्वास ठेवून काका दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून केंद्रावर गेले. परत येऊन म्हणाले, "व्यवस्था उत्तम. रांगच नाही. फक्त यंत्र तेवढं नव्हतं."

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चार म्हातारे बंगाली शेजारी जमत. काका सुरू करत, "तुमच्या भाषेत पाणी खातात, चहा खातात, विडीसुद्धा खातात. मग सरकारने पैसे खाल्ले तर एवढा गलका कशाला?" ते चौघे दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत.

आत्या गेली आणि मुलाने त्यांना पुण्याला नेलं. काकांना जायचं नव्हतं, पण एकट्याने राहणं झेपेना. मागच्या महिन्यात त्यांचा मला इकडे कोलकात्यातच, बेहाला भागात, फोन आला. "करमतंय का?" मी विचारलं.

"मुलगा-सून फार चांगले आहेत रे. सोसायटीत बाकं आहेत, त्यांवर म्हातारेही आहेत. परवा त्यांच्यापुढे सरकारवर एक बोललो. कुणी हसलं नाही. एकाने विचारलं, 'तुम्ही कोणत्या पक्षाचे?'"

"मग?"

"म्हटलं, बागबाजारचा."

मी मोठ्यांदा हसलो. काका हळूच म्हणाले, "आणखी एकदा हस रे." मी पुन्हा हसलो.