मेईच्या डोहाळ्यांचे गोळे

कुठल्याही डच पदार्थाचं मराठीत बारसं केल्याशिवाय शरयूताई तो तोंडात घालत नसत. पावावर पसरायच्या चॉकलेटच्या बारीक काड्यांचं नाव त्यांनी ‘मुंग्यांची न्याहारी’ ठेवलं होतं आणि इथल्या खारट काळ्या गोळ्यांचं ‘ज्येष्ठमधाचा सूड’. “नाव लागलं की अन्न पचतं,” असं त्यांचं म्हणणं. नेदरलँड्समधल्या आल्मेरेत त्या आमच्या शेजारच्याच घरात राहायच्या. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागून पुण्याहून आलेल्या, माझ्यासारख्याच. फरक एवढाच, की मी घरात बसून कुढायचे आणि त्या बाहेर पडून दुसऱ्यांचे संसार चालवायच्या.

डचच्या वर्गात त्यांना तैवानची मेई भेटली. दोघींचं डच एकत्र केलं तर जेमतेम एक वाक्य पुरं व्हायचं, तरी तासन्‌तास गप्पा चालत. मेईला सातवा महिना लागला आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली. काय खावंसं वाटतं, विचारलं तर म्हणाली, आईच्या हातचे मांसाचे गोळे. डुकराचं मांस कुटून कुटून करायचे, पाण्यात उकडायचे आणि सूपमध्ये सोडायचे. दुकानातला गोठवलेला गोळा तिने एकदा चावून खाली ठेवला होता. आईला इतक्या लांब येणं जमणार नव्हतं. हे सांगताना ती हसत होती, आणि ते बघवत नव्हतं.

“डोहाळे आहेत ते, पुरवलेच पाहिजेत,” शरयूताईंनी निकाल दिला. उभ्या जन्मात त्यांनी डुकराच्या मांसाला हात लावला नव्हता. मी तसं सुचवून पाहिलं. “डोहाळ्यांना सोवळं नसतं,” एवढंच म्हणाल्या.

रविवारी मेईचं डोहाळजेवण ठरलं. शनिवारी रंगीत तालीम झाली. ताईंचा हात कोफ्त्यांना सरावलेला, त्यामुळे कांदा, कोथिंबीर आणि वर बेसनही पडलं. मेईने सांगितलेली परीक्षा अशी, की गोळा जमिनीवर टाकला तर उसळला पाहिजे. या गुणाला तैवानी लोक चक्क ‘क्यू’ म्हणतात, इंग्रजीतलं अक्षर. ताईंनी गोळा फरशीवर टाकला. तो पडला तिथेच बसला.

“याला क्यू नाही, झोप आलीय,” ताई म्हणाल्या. “पण क्यू म्हणजे नक्की काय गं? लुसलुशीत नाही, चिवट नाही. शब्दच नाही तर जमणार कसं?”

रविवारी सकाळी मांस, मीठ आणि पुण्याहून आणलेला लोखंडी खलबत्ता, एवढंच घेऊन त्या बसल्या. थोड्याच वेळात पलीकडचे डच आजोबा दारात. रविवारी इथे खिळा ठोकणंही पाप. “बेबी, मामा, बाल,” म्हणजे बाळ, आई, गोळा, असं तीन डच शब्दांत ताईंनी सगळं समजावलं आणि बत्ता त्यांच्या हातात दिला. त्यांना काय कळलं देव जाणे, पण मांस कुटलं जात होतं आणि आजोबांचा राग उतरत होता.

नवा गोळा फरशीवर आपटला, उसळला आणि थेट फ्रिजखाली गेला.

“टुणटुणीत,” ताई हळूच म्हणाल्या. “टुणटुणीत झालाय बघ.” एरवी आपण हा शब्द तब्येत राखून असलेल्या म्हाताऱ्यांना वापरतो. तसा एक समोर घाम पुसत होताच.

दुपारी मेईला स्वेटरवरून हिरवी साडी नेसवली, ट्यूलिपची वाडी घातली. ट्यूलिप माना टाकत होते. तिच्यापुढे वाडगा ठेवला. एक घास खाऊन ती थांबली. ताईंचा चेहरा पडला. मग मेई रडायला लागली, आणि रडत रडतच वाडगा संपवून तिने पुन्हा पुढे केला. मलाही रडू आलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

फोनकार्ड खरवडून तिने लगेच आईला फोन लावला. दोन मिनिटांत फोन ताईंच्या हातात.

“तुम्ही अजिबात काळजी करू नका,” ताई अस्खलित मराठीत म्हणाल्या. “मी आहे इथे. बाळंतपण मी करीन.” पलीकडून त्या माउलीने आपल्या भाषेत बरंच काही सांगितलं. ताई पदराने डोळे टिपत “हो, हो” म्हणत होत्या, आणि मेई शेजारून फोनला कान लावून ऐकत होती.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “काय म्हणाल्या?”

“काय म्हणणार? लेकीला जपा म्हणाल्या.”

मी तेच मेईला विचारलं, तर ती नाक पुसत हसायला लागली. “आई म्हणाली, पुढच्या वेळी कुटताना मांसात बर्फ घाला.”

“तेच ते,” शरयूताई म्हणाल्या.