कारखानीसबाईंचा सोमवार

डॉ. कारखानीसबाई दर सोमवारी सकाळी रुग्णालयातल्या सगळ्यांना जमवून आधी स्वतःची चूक सांगत. छप्पन साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि मी नागपूरहून बदलून भोपाळला त्यांच्या हाताखाली सर्जन म्हणून रुजू झालो. पहिल्याच सोमवारी बाई म्हणाल्या, “परवा एका बाळंतिणीचा रक्तस्राव मी हलक्यात घेतला. ती वाचली, पण त्यात माझी हुशारी नाही. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय बदलायचं, ते बोलू.”

मुख्य डॉक्टरने नर्सेससमोर असं बोलावं, हे मला फार गावंढळ वाटलं. राजधानीचा मान आमच्या नागपूरकडून भोपाळकडे गेला होता. त्याचा तोरा मात्र मी सामानाबरोबर घेऊन आलो होतो.

त्या हिवाळ्यात माझ्या रुग्णांचे टाके पिकू लागले. मी आधी भोपाळच्या पाण्याला दोष दिला, मग तलावावरच्या हवेला, शेवटी धोब्याला. बाईंनी वाद घातला नाही. “असेलही. कुणामुळे ते राहू द्या, कुठे बिघडतंय ते आठवडाभर बघू,” म्हणाल्या आणि हमीदा सिस्टरला प्रत्येक ड्रेसिंगपाशी उभं केलं.

पुढच्या सोमवारी हमीदा सिस्टर चाचरत म्हणाल्या, “डॉक्टर साहब हाथ तो धोते हैं, पर अंगूठी नहीं उतारते.”

पुष्कराजाची अंगठी होती. यशासाठी घातलेली.

“आता नर्सने मला शिकवायचं?” मी म्हणालो.

“शिकवत नाहीत त्या, वाचवताहेत,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तुम्हालासुद्धा.”

अंगठी निघेना. शेवटी हमीदा सिस्टरनीच साबण लावून ती ओढून काढली. खाली काळपट मळाचं कडं होतं. बाई मला रामप्रसाद सुताराच्या खाटेपाशी घेऊन गेल्या. मी केलेल्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर टाके पिकून तो चार दिवस तापाने फणफणत होता. “यांना सांगा,” बाई म्हणाल्या.

मी सांगितलं. एरवी मला भाषण आवरत नसे. त्या दिवशी दोन वाक्यांतच संपलं.

रामप्रसाद माझ्या हाताकडे बघत राहिला. “अब उतार दी न? तो पट्टी आप ही कीजिए.”

तो बरा होऊन घरी गेला. पुढे माझे टाकेही पिकेनासे झाले.

दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मी धीर करून विचारलं, “माझ्या गोपनीय अहवालात काय लिहिलंत?”

“शिकवलं तर शिकतो,” त्या म्हणाल्या.

पुढे मला बरीच मानपत्रं मिळाली. त्यातलं एकही मला इतकं खरं वाटलं नाही.