शोभाला घाटीण कुणी म्हटलं

ये गो, अशी जवळ बस. आणि तो मोबाईल ठेव आधी पालथा — माणूस बोलत असताना सारखं काय बघायचं असतं त्यात? हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

घाटी म्हणजे काय गो? घाटावरचा माणूस. शब्दात एवढंच आहे. पण आम्ही रत्नागिरीकर तो नुसता म्हणतो होय? नाक जरा वर जातं, ओठ मुडपतो — आणि समोरचा माणूस अडाणी होऊन जातो.

शोभा सांगलीकडची. नवऱ्याला मिरजोळ्याच्या कारखान्यात काम लागलं, म्हणून आमच्या आळीत बिऱ्हाड केलं. मला ताई म्हणायची. माझ्या लेकीच्या डोहाळजेवणाला पहाटेपासून राबली. पाहुण्यांना थंड कशी वाढायची म्हणून तिने सोलकढी चुलीवर ठेवली नि उकळली. नारळाचं दूध ते — फुटलंच. पातेलंभर. ती ते मागीलदारी ओतायला गेली आणि मी बायकांत म्हटलं, "घाटीण ती घाटीणच!"

सगळ्या हसल्या. शोभाच्या समोरच्या घरातली सुमन तेवढी म्हणाली, "अगो, तिला काय ठाऊक? तू तरी सांगितलंस?"

मला ते लागलं. लागावं असं काय होतं त्यात?

नाव पडलं. नळावर बायका तोंडावर म्हणायला लागल्या. चार दिवसांनी शोभा आली, डोळे सुजलेले. "ताई, हे नाव कुणी पाडलं?"

मी — सांगतेच आता — मी म्हटलं, "सुमनने."

दुसऱ्या दिवशी नळावर शोभा सगळ्यांदेखत म्हणाली, "सरा हो सुमनताई, घाटणीचा हंडा लागंल तुमच्या हंड्याला!" सुमन गोंधळली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. कळलं तिला. मी वाकून हंडा विसळत राहिले — विसळलेलाच. सुमन बोलली नाही. का नाही बोलली, ते मी कधी विचारलं नाही.

बावीस वर्षं झाली. दोघींची समोरासमोरची दारं, पण सुमनच्या मुलीच्या लग्नाला शोभा गेली नाही. शोभाचा नवरा गेला, तेव्हा सुमन पायरीपर्यंत येऊन परतली. शोभाचा हात धरून आत बसले होते, ती मी.

सुमन आता पावस गावी लेकाकडे असते. एस्टीने तासाभराची वाट. दोघी आहेत, मीही आहे — आणि मी बोललेले नाही.

मला बरं वाटेल असं काही म्हणू नकोस हो.

परत ये मात्र लवकर. दुपारची ये, शोभा असते माझ्याकडे. माझ्यासारखं माणूस नाही म्हणून सांगेल तुला — सगळ्यांनाच सांगते ती.