पाय बघणारा माणूस

माझे सासरे माणूस भेटला की आधी त्याच्या पायांकडे बघायचे. मला बघायला आले तेव्हाही चहाचा कप हातात धरून हा गृहस्थ माझ्या चपलांकडे टक लावून बसलेला. मला वाटलं, झालं, आता पायगुण बघतात की काय! नंतर कळलं, ही नोकरीची सवय. जालन्याकडच्या एका गुरांच्या सरकारी दवाखान्यात ते ड्रेसर होते. डॉक्टर येत-जात राहिले, जखमा धुणारे आणि पट्ट्या बांधणारे बाबा तेच राहिले. "जनावर तोंडानं काही सांगत नाही. ते उभं कसं राहतं ते बघायचं," असं म्हणायचे. आणि जरा थांबून, "माणसाचंही तसंच हाय."

सासूबाई गेल्यावर निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना आमच्याकडे जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखला आणलं. व्हिसा नव्वद दिवसांचा. सकाळी त्रिसरण म्हणायचं, पांढऱ्या सदऱ्यावर निखिलचं जाड जॅकेट चढवायचं आणि फिरायला निघायचं. आम्ही दोघं ऑफिसात. मला धास्ती, हे हरवले तर? हरवतात कसले! आठवड्याभरात त्यांनी गावाबाहेरचं टिअरहाइम शोधून काढलं. टाकून दिलेल्या प्राण्यांना तिथे ठेवतात. एक शब्द जर्मन येत नव्हता, पण तिथल्या बायका त्यांना कॉफी देऊ लागल्या होत्या.

तिथे फ्लोके होती. बर्फावरची गाडी ओढणारी हस्की कुत्री, करडी-पांढरी. अपघातात तिचा पुढचा डावा पाय काढावा लागला आणि मालकाने तिला आणून सोडलं. ती काही खात नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिला आता आराम हवा, असं सगळ्यांचं म्हणणं. बाबा घरी येऊन चिडायचे. "अरे, आराम करून करूनच मरायला टेकली ती! पट्टा बांधला की बघा, छाती पुढे टाकते. बाईला काम पाहिजे." प्रत्येक मादी जनावराला ते बाईच म्हणायचे.

एका रविवारी जेवताना त्यांनी विषय काढला. "प्रज्ञा, बाईला घरी आणू या का? माझ्या हातनं खाते ती." निखिलने ताटात मान घातली. हा माणूस बापासमोर कधी नाही म्हणत नाही, नाही म्हणायला मी आहेच. मी मनात हिशेब केला: नव्वद दिवस त्यांचे आणि पुढची दहा वर्षं माझी. "घरमालकीणबाईंना विचारावं लागेल," मी म्हणाले. वाटलं, विषय मिटला. पण बाबा उठले, हात धुतले आणि जॅकेट घालून दारात उभे. "चल, आत्ताच विचारू."

खाली घरमालकीण फ्राऊ लँग बागेत पानं गोळा करत होत्या. मी जर्मनमध्ये विचारलं. त्या हसल्या. "या, गेर्न!" म्हणजे हो, आनंदाने. वर म्हणाल्या, बागेलाही सोबत होईल. मी बाबांकडे वळले आणि मराठीत सांगितलं, "नाही म्हणतात. नियमात बसत नाही."

बाबांनी फ्राऊ लँगकडे पाहिलं. मग खाली, माझ्या पायांकडे. मी घरातल्या सपाता घालूनच उतरले होते. "बरं," म्हणाले आणि जिना चढू लागले. पुन्हा कधी त्यांनी हा विषय काढला नाही.

त्यानंतर फ्लोकेला कोणी घेईल का म्हणून मी वेड्यासारखे फोन केले. अपराधी माणसाच्या अंगात फार उत्साह येतो. शेवटी डोंगराकडच्या एका खेड्यात फ्राऊ बाउअर सापडल्या. त्यांच्याकडे अशीच ओढणारी कुत्री होती. पहिल्यांदा त्यांनी फोनवर साफ नकार दिला, तीन पायांचं कुत्रं घेऊन मी काय करू? बाबा शेजारीच बसलेले. म्हणाले, "तिला विचार, नवी पिल्लं शिकवते कशी?" जुन्या कुत्र्यांबरोबर बांधून, उत्तर आलं, पण जुनी फार जोरात पळतात आणि पिल्लं बिचकतात. बाबा खुर्चीत पुढे सरकले. "मग सांग तिला, आमच्याकडे नवा गोऱ्हा तेज बैलाशेजारी जुंपत नाहीत. म्हातारा, सावकाश चालणारा शेजारी देतात. तो चालणं शिकवतो. बाईला पिल्लांशेजारी बांध म्हणावं." या वेळी मी शब्द न् शब्द खरा सांगितला. मग फ्राऊ बाउअर म्हणाल्या, "आल्झो, चला तर... घेऊन या."

फ्लोकेच्या छातीला गाडी ओढायचा साज घासत होता. बाबांनी आपला लोकरी मफलर कापून, घड्या घालून आतून शिवला. "बैलांची खांदेसूज बघण्यात जन्म गेला माझा," म्हणाले. मफलर सासूबाईंनी विणलेला होता. मी अडवायला गेले तर म्हणाले, "गळ्यात घालून मी काय ओढणार आहे?"

पहिल्या दिवशी आम्ही सगळे गेलो. बर्फ नव्हता, चाकांची हलकी गाडी होती. एका बाजूला फ्लोके, दुसऱ्या बाजूला एक धांदरट पिल्लू. पिल्लाने उड्या मारल्या, दोर तोंडात धरला. फ्लोकेने मान खाली घातली आणि तीन पायांवर, झोकांड्या खात, पण सरळ रेषेत चालू लागली. पिल्लू पाच-दहा पावलं फरफटलं आणि मग तिच्या चालीला लागलं. बाबा शेजारून चालत होते. शेताच्या टोकाला त्यांनी बैलांना घालतात तशी लांब साद घातली, "होऽऽ, होऽऽ." फ्लोके थांबली. पिल्लूही थांबलं. त्या संध्याकाळी तिने वाडगं चाटून पुसून साफ केलं. बाबा तिथेच बाकावर बसून रडले, आणि मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

पुढे दर शनिवारी आम्ही जात होतो. नव्वदावा दिवस आला. विमानतळावर ते मला म्हणाले, "पुढल्या साली येतो. बाईला सांग." त्यांच्या व्हिसाचे कागद मी दिवाळीनंतर भरायला घेतले. जानेवारीत गावाकडून फोन आला. सकाळी वंदना म्हणता म्हणताच बाबा गेले. निखिल एकटाच गेला. मला रजा मिळाली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर मी मागितलीच नाही. त्या घरात कुठल्या तोंडाने उभी राहणार होते?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी इथे घरात बाबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली. फ्राऊ लँग फुलं घेऊन वर आल्या. म्हणाल्या, "फार सज्जन माणूस. कुत्र्याबद्दल विचारलंत ना तुम्ही, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते एकटेच माझ्याकडे आले होते. मोबाइलवर त्या कुत्रीचा फोटो दाखवला. मी पुन्हा हो, हो म्हणाले. मान हलवून, हसून. त्यांनी हात जोडले, वर तुमच्या खिडकीकडे बोट दाखवलं आणि मान आडवी हलवली. 'नाईन, नाईन,' म्हणाले. मला वाटलं, त्यांचाच विचार बदलला."

मी दारात तशीच उभी राहिले. बाबांना सगळं कळलं होतं. आणि मी खोटी पडू नये म्हणून त्यांनी मिळालेला होकार स्वतः जाऊन परत केला होता. बाई गं, केवढं हे! मी ओरडले असते, भांडले असते, तोंडावर म्हणाले असते. ते "बरं" म्हणाले होते.

त्याच शनिवारी मी एकटी डोंगराकडे गेले. या वर्षी बर्फ पडला होता. फ्लोकेशेजारी नवंच पिल्लू होतं, बाबांना कधीही न पाहिलेलं. साजाच्या आत सासूबाईंची तपकिरी लोकर दिसत होती. शेताच्या टोकाला फ्राऊ बाउअरनी हात वर केला आणि त्यांच्या त्या जाड जर्मन आवाजात साद घातली, "होऽऽ, होऽऽ." पिल्लू जागच्या जागी थांबलं. साद बाबांचीच होती.

मी बातमी सांगितली. फ्राऊ बाउअरनी टोपी काढली. मग म्हणाल्या, "त्यांचा एवढा जीव होता, मग तुम्हीच का नाही ठेवलीत? घरमालकाने परवानगी दिली नाही का?"

फ्लोके माझ्या बुटांवर अंग टाकून बसली होती, तिच्या सगळ्या वजनानिशी. पाय हलवायला जागा नव्हती.

"दिली होती," मी म्हणाले. "मीच नाही म्हटलं."