ती लेन्स येऊ दे

माणसं फोटो काढण्यासाठी कॅमेरा घेतात असा ज्यांचा समज आहे, त्यांची आमच्या मेहुण्यांशी अजून गाठ पडलेली नाही. आमच्या हिचे हे थोरले बंधू. गिरगावात जन्मले, विम्याच्या कचेरीत नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले. लहान सेन्सरचा एक सुबक मिररलेस कॅमेरा त्यांच्या गळ्यात सदैव लटकलेला असतो, इतका की एकदा तो घरी ठेवून भाजी आणायला गेले तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी त्यांना ओळखलंच नाही. कॅमेऱ्याला लेन्स एकच, खोक्यातून बरोबर आलेली. तिला ते 'सोबतची' म्हणतात, आणि अशा सुरात म्हणतात की त्या बिचारीची दया यावी. कारण त्यांना हवी होती ती लेन्स कंपनीने कित्येक वर्षं काढलीच नाही, आणि तोवर ते थांबून राहिले.

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतली चित्र टिपणारी चकती. त्यात लहान सेन्सर म्हणजे काय, हे मला त्यांनी आमच्या घरच्या एका पंगतीत पुरी हातात धरून समजावलं होतं. "हा मोठा सेन्सर म्हणजे पोळी समजा आणि लहान म्हणजे ही पुरी. कंपनी काय करते? पोळीवाल्यांच्या ताटात लेन्सच्या सतरा भाज्या वाढते, आणि पुरीवाल्यांना नुसतं लोणचं. का? तर पुरीवाला कंटाळून एक दिवस पोळी मागेल. ढकलतायत हो आपल्याला वर!"

"मग जा की वर," मी म्हणालो.

"मी का जाऊ? त्यांनी यावं खाली," असं म्हणून त्यांनी पुरी खाऊन टाकली.

त्यांना हवी असलेली लेन्स साधी होती, निदान त्यांच्या मते. माणसाच्या चेहऱ्यासाठीची, घरातल्या उजेडात चालणारी, चेहऱ्यामागचा पसारा मऊ पुसून टाकणारी, लहान कॅमेऱ्यासाठीच बनवलेली आणि त्याच कंपनीची. यातली एकही अट ते सोडत नसत. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स यालाही बसते म्हणे, पण त्यावर त्यांचं म्हणणं, "पोराच्या अंगात बापाचा कोट कशाला?" पुढे दुसऱ्या एका कंपनीने हुबेहूब तशी लेन्स काढली. मी मोठ्या उत्साहाने फोन केला तर म्हणाले, "घरच्या नैवेद्याला विकतचे मोदक? छे!" मध्ये तर कंपनीने त्यांच्या कॅमेऱ्याची अख्खी जातच बंद करून टाकली आणि नवी जात आणली. एखादा माणूस चिडून दुसरीकडे गेला असता. हे त्याच कंपनीचा नवा कॅमेरा घेऊन आले, तोही लहान सेन्सरचाच, आणि पुन्हा पहिल्यापासून वाट बघायला लागले. दर शनिवारी फोर्टातल्या दुकानात त्यांची फेरी असायची. ते रस्ता ओलांडत असतानाच दुकानदार आतून हात हलवून ओरडायचा, "नहीं आया, साहब!" तरीही ते आत जायचे, चहा घ्यायचे, कंपनीचं काय चुकतंय ते त्याला सांगायचे आणि समाधानाने घरी यायचे.

सोबतचीने ते फोटो काढायचे, नाही असं नाही. पण ते सगळे तपासणीचे. भिंतीच्या विटा, पाण्याची टाकी आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. कोपऱ्यातल्या तिथी स्पष्ट येतात की नाही ते बघायला त्या कॅलेंडरचे त्यांनी इतके फोटो काढले होते की वहिनी म्हणायच्या, "सगळ्या वर्षांच्या संकष्ट्या आहेत आमच्याकडे, पोरीचा एक फोटो नाही."

ते मात्र खरं होतं. गार्गी त्यांची एकुलती एक. ती शाळेत असताना त्यांनी तिला कबूल केलं होतं, की तुझा एक फोटो मी असा काढीन की जन्मभर बघत राहशील. मग ती गॅदरिंगला नटली, पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर बसली, पदवी घेऊन आली. दर वेळी यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि दर वेळी खाली घेतला. "थांब गं, ती लेन्स येऊ दे." तिचे फोटो मित्रमैत्रिणींनी, शेजाऱ्यांनी, अगदी मीसुद्धा मोबाइलवर काढले. बापाने काढलेला एकही नव्हता.

आणि तिचं लग्न ठरलं. लग्नानंतर लगेच ती नवऱ्याबरोबर कॅनडाला जाणार होती. आत्याकडचं केळवण म्हणून आम्ही सगळ्यांना दादरला जेवायला बोलावलं. हिने पाटाभोवती रांगोळी काढली, उदबत्ती लावली, ताटात पुरणपोळी वाढली. गार्गी हिरव्या साडीत पाटावर बसली, खिडकीतून दुपारचा उजेड तिच्या एका गालावर आला होता. मेहुणे रांगोळीच्या टोकाचा तपासणीचा फोटो घेत होते. वर बघून ते थबकले. "काय उजेड आहे हा! आत्ता ती लेन्स असती ना..."

"दादा, अरे पोळी गार होतेय तिची," ही म्हणाली.

गार्गीने घास हातात धरूनच त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, आता मी नाही थांबू शकत. आहे त्यानेच काढा ना."

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि या वेळी खाली घेतला नाही. बराच वेळ त्यांनी नेम धरला, एकदाच बटण दाबलं, आणि आम्ही सगळे त्या छोट्या पडद्यात डोकावलो. फोटो हलला होता. हसू कळत होतं, पण डोळे पुसट आले होते. आता कंपनीचा उद्धार होणार म्हणून मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"नाही हो," ते हळूच म्हणाले, "यात कंपनीची काही चूक नाही. माझाच हात हलला."

मी म्हटलं, दुसरा काढा. पण त्यांनी कॅमेरा बंद केला आणि गार्गीच्या पोळीवर तूप वाढायला घेतलं.

तो हललेला फोटो त्यांनी मोठा करून कॅलेंडरच्या जागी लावला आहे. गेल्या महिन्यात कंपनीने ती लेन्स खरोखरच काढली. सगळ्या अटींसकट. मी धावतपळत फोन केला आणि तासाभराच्या तयारीने खुर्ची ओढून बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडे आत्ता किती वाजले असतील हो? पोर उठली असेल का?"

मी अंदाजाने वेळ सांगितली. ते बरं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. इतकी वर्षं मी त्यांची भाषणं कशीबशी चुकवत आलो, पण त्या दिवशी त्यांनी मला पुरी आणि पोळी पुन्हा पहिल्यापासून समजावायला हवी होती.